पार्श्वभूमी : ब्रिटनचा पंतप्रधान निवडण्याचा राजाचा अधिकार

ब्रिटनमध्ये पंतप्रधान कोणी व्हावे हे ठरवण्याचा राजाचा अधिकार कोणत्याही कायद्याने काढून घेतलेला नाही. तो वापरण्याचे प्रसंगच कमी होत गेले. १८३४ मध्ये चौथ्या विल्यमने, कॉमन्स सभागृहात बहुमत असतानाही, लॉर्ड मेलबर्न यांचे सरकार घालवून रॉबर्ट पील यांना पाचारण केले. पील यांना निवडणुकीत बहुमत मिळाले नाही आणि १८३५ च्या एप्रिलमध्ये राजाला पुन्हा मेलबर्न यांच्याकडेच कारभार सोपवावा लागला.

विल्यमची पुतणी व्हिक्टोरिया हिने १८३९ मध्ये वेगळा मार्ग धरला. मेलबर्न यांनी राजीनामा दिल्याने सरकार बनवण्यासाठी पील यांना बोलावले गेले. राणीच्या खासगी परिवारातल्या बहुतेक स्त्रिया व्हिग, म्हणजे मेलबर्न यांच्या पक्षाच्या घराण्यांतल्या होत्या. त्यांपैकी काही बदलाव्यात अशी पील यांची अट होती. एकोणीस वर्षांच्या राणीने ती साफ नाकारली, पील यांनी सरकार बनवण्यास नकार दिला आणि तिचे लाडके मेलबर्न आणखी दोन वर्षे टिकले. हट्ट फळाला आला तो तेवढाच, कारण १८४१ च्या निवडणुकीत पील यांना स्पष्ट बहुमत मिळाल्यावर राणीला नमते घ्यावे लागले. १८८० मध्ये उदारमतवादी पक्षाचे नावडते नेते ग्लॅडस्टन यांना टाळण्याचा तिचा प्रयत्नही असाच फसला. मात्र १८९४ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा तिने त्यांचा सल्लाही न विचारता रोझबरी यांना निवडले. सत्ताधारी पक्षाचा वारस ठरलेला नसेल, तर राजवाड्याच्या शब्दाला अजून वजन होते.

याचा सर्वांत बोलका दाखला १९२३ चा आहे. घशाच्या कर्करोगाने खंगलेले पंतप्रधान बोनार लॉ यांनी उत्तराधिकारी न सुचवताच राजीनामा दिला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांना, म्हणजे बंगालच्या फाळणीमुळे आपल्याकडे कुप्रसिद्ध झालेल्या त्याच व्हाइसरॉयना, पद आपलेच अशी खात्री होती. राजाच्या खासगी सचिवाची तार मिळताच ते सॉमरसेटहून लंडनला आले. तिथे त्यांना कळले की पाचव्या जॉर्जने स्टॅन्ली बाल्डविन यांची निवड केली आहे. कर्झन यांचा ताठा अनेकांना खुपत होता हे खरे, पण निर्णायक मुद्दा निराळा होता : मजूर पक्ष आता प्रमुख विरोधी पक्ष झाला होता आणि उमरावांच्या सभागृहात त्याला जवळजवळ स्थानच नव्हते, तेव्हा कर्झन यांच्यासारखा पंतप्रधान तिथे बसून कसा चालेल?

१९५७ मध्ये ईडन यांच्यानंतर मॅकमिलन आले आणि १९६३ मध्ये मॅकमिलन यांच्यानंतर चौदावे अर्ल होम. दोन्ही वेळा हुजूर पक्षातील ज्येष्ठांनी आतल्या आत चाचपणी करून नाव राणी एलिझाबेथपर्यंत पोहोचवले. होम यांनी उमरावकीचा त्याग केला, पोटनिवडणूक लढवून ते कॉमन्समध्ये आले, तरीही बंद दाराआडच्या या निवडीवर पक्षातच टीका झाली. अखेर १९६५ मध्ये खासदारांच्या मतदानाने नेता निवडण्याचे नियम ठरले. त्या पद्धतीने निवडून आलेले पहिले नेते एडवर्ड हीथ होत. १९७० मध्ये ते निवडणूक जिंकून राजवाड्यात गेले, तेव्हा राणीपुढे दुसरे नाव नव्हते.