काट्यावरचा माणूस

मागच्या खरिपात काकांनी वावरातून कपाशीचा फोटो ॲपवर चढवायला घेतला. धुऱ्यावर उभं राहिलं तर एक दांडी रेंज, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. बटण दाबलं अन् ॲप जागीच थिजलं. मागे जाता येईना, रद्द करता येईना. "काहून अटकलं बे हे?" म्हणत त्यांनी आणखी दहा वेळा बोट मारलं. शिव्या पडल्या रेंजला. खरं तर त्यातल्या निम्म्या ॲप लिहिणाऱ्याच्या वाट्याच्या.

हिंगणघाटकडच्या जिनिंगवर काट्याला एकच माणूस असतो. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, पुढची बोलवायची. कापूस उतरवायला हमाल वेगळे. रिकामी गाडी पुन्हा रांगेतून काट्यावर येते, तेव्हा हिशेब पुरा होतो. काटेवालाच कापूस उतरवायला गेला तर रांग पार सडकेवर जाईल.

ॲपमधला काटेवाला म्हणजे मुख्य थ्रेड. थ्रेड म्हणजे एकामागून एक कामं उरकणारा गडी; हमाल म्हणजे मागच्या बाजूला राबणारे दुसरे थ्रेड. स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं, दोन्ही त्याच्याकडे. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवी होते, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. एवढ्यात पाठवण्याआधी मोठा फोटो आकसून होत नाही. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर मिळालं नाही, तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावतं.

मुख्य थ्रेडवरून थेट इंटरनेटला हात घालायला अँड्रॉइडने २०११ मध्ये, ३.० आवृत्तीपासूनच मनाई केली. मग काकांचं ॲप अडकलं कसं? बहुतेक फोटो आकसायचं काम काटेवाल्याच्याच गळ्यात होतं. किंवा हमालाला धाडलं, पण काटेवाला रांग सोडून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला. ही दुसरी चूक चांगले चांगले प्रोग्रामर करतात (मीही केली आहे). काम सोपवून मोकळं व्हायचं; निकाल रिकाम्या गाडीसारखा रांगेतून परत येईल, तेव्हा स्क्रीनवर दाखवायचा. हमालाने स्वतः काट्याला हात लावायचा नाही, म्हणजे स्क्रीन फक्त मुख्य थ्रेडनेच बदलायची.

पण वावरात रेंजच नसेल, तर हमाल तरी काय करील? त्यासाठी अँड्रॉइडवर वर्कमॅनेजर नावाची, कामं नंतरसाठी नोंदवून ठेवायची सोय आहे. 'इंटरनेट मिळालं की पाठव' एवढी अट घालून काम नोंदवून ठेवायचं. मधे फोन बंद होऊन चालू झाला तरी नोंद पुसली जात नाही. मात्र रेंज आल्या क्षणीच फोटो जाईल असं नाही. बॅटरी वाचवायला फोन अशी कामं मागे ढकलतो.

यंदा ॲप सुधारलं आहे. फोटो काढला की 'जतन झाला, रेंज आल्यावर जाईल' असं लगेच दिसतं. काका मात्र अजूनही फोन डोक्यावर धरून धुऱ्यावर उभेच असतात.