बसलेली वाचा

1969 चा सप्टेंबर. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात सेरा हेली ही सोशल वर्कर नुकतीच रुजू झाली होती. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक येऊन बसला. अतिशय अस्वस्थ. माय लाय नावाच्या खेड्यात आपल्या कंपनीने बायकामुलांना ठार मारलं, असं त्याने तिला सांगितलं. कुठे बोललास तर तुला संपवू, अशी धमकी बरोबरच्याच जवानांनी दिली होती. त्या भीतीने त्याची झोप उडाली होती.

हेलीने सगळं नीट लिहून घेतलं आणि डॉक्टरांच्या बैठकीत मांडलं. तिथे निदान आधीच ठरलेलं होतं: पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. म्हणजे हा माणूस भ्रमात आहे, हे सगळं त्याच्या डोक्यातलं आहे. हेली म्हणाली, याची गोष्ट खरी धरली तर वेडाचं दुसरं एकही लक्षण याच्यात नाही. तिला हसण्यावारी नेलं. तुझा पहिला दिवस आहे, तुला इथलं काही कळत नाही, असंही ऐकवलं.

दोन महिने झाले, आणि नोव्हेंबरमध्ये माय लायची बातमी जगभर छापून आली. 16 मार्च 1968 या दिवशी अमेरिकी सैन्याने तिथे निःशस्त्र गावकऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. अमेरिकी लष्कराच्या हिशेबाने मृतांचा आकडा 347, गावातल्या स्मारकावर 504. त्यात तान्ही मुलंही होती.

आपल्या भाषेत वाचा बसते, वाचा फुटते, आणि अन्यायाला वाचा फोडतात. युद्धावरून परतलेल्या माणसाच्या मनाचं विज्ञान या तीन क्रियापदांच्या अवतीभोवतीच फिरतं, असं मला फार वाटतं. त्यातलं पहिलं तर शब्दशः खरं आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून बाहेर काढलेल्या कितीतरी सैनिकांची वाचा खरोखर गेली होती. घसा ठीक, जीभ ठीक, पण शब्द येईना. चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञाने 1915 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोफगोळ्यांच्या तडाख्यातून आलेल्या रुग्णांवर लिहिताना ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द वापरला. शब्द सैनिकांच्या तोंडी होताच, आता तो वैद्यकाच्या कागदावर आला. काही डॉक्टरांनी या मुक्या जवानांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलतं केलं. हा उपचार वाचताना आजही अंगावर काटा येतो.

याच काळात एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर उलट दिशेने चालले होते. (हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीत राहून तोडा लोकांचा अभ्यास करून गेले होते. माणसाचं बोलणं तासन्‌तास ऐकायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असा माझा आपला अंदाज.) त्यांच्याकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांना घरच्यांनी आणि आधीच्या डॉक्टरांनी एकच सल्ला दिलेला असे: विसरून जा, दुसऱ्या गोष्टीत मन रमव. आपल्याकडे म्हणतात तसं, झालं गेलं गंगेला मिळालं. दिवसभर ती आठवण नेटाने दाबणाऱ्या माणसावर ती रात्री दुप्पट जोराने उसळते, हे रिव्हर्स यांनी पाहिलं आणि डिसेंबर 1917 मध्ये लंडनच्या डॉक्टरांसमोर मांडलं.

पण हे शहाणपण टिकलं नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांची ‘डीएसएम’ नावाची निदान-पुस्तिका असते. तिच्या 1952 च्या पहिल्या आवृत्तीत प्रचंड ताणामुळे होणाऱ्या प्रतिक्रियेची नोंद होती. 1968 च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. म्हणजे व्हिएतनाममध्ये रणकंदन चालू असताना, तिथून येणाऱ्या सैनिकाला जे होत होतं त्याला पुस्तकात नावच उरलं नव्हतं. बॉस्टनच्या त्या बैठकीतले डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांच्या हातातल्या पुस्तकात त्या माणसासाठी रकानाच नव्हता. हेलीने मात्र त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात होते आणि युद्धात माणसं काय काय करतात हे तिने त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

आता जरा मेंदूच्या आत डोकावू. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ आहे. धोका दिसला की ती शरीराला जागं करते: छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. शेजारीच हिप्पोकॅम्पस आहे, जो आठवणीवर ‘कुठे’ आणि ‘कधी’चा शिक्का मारतो. भीती पराकोटीला जाते तेव्हा अमिग्डाला आठवण खोल कोरून ठेवते, पण शिक्का मात्र पुसट उमटतो. मग घरी परतल्यावर गल्लीत फटाका वाजला की तो माणूस जमिनीवर आडवा होतो. त्याला युद्ध ‘आठवत’ नाही. त्याच्या शरीराच्या लेखी ते आत्ता, इथे चालू असतं. कपाळामागचा मेंदूचा जो भाग ‘अरे, हा फटाका आहे’ म्हणून अमिग्डालाला शांत करतो, त्याचा लगामही ढिला पडलेला असतो.

आणि वाचेचं काय? 1996 साली अमेरिकी संशोधकांनी भयंकर प्रसंगातून गेलेल्या आठ जणांना त्यांच्याच आपबीतीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि त्याच वेळी मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. भावनेशी आणि दृश्यांशी संबंधित भाग उजळले. पण डाव्या बाजूचा ब्रोका भाग, जो मनातल्या गोष्टीला शब्द देतो, तिथला रक्तप्रवाह कमी झाला. आठ माणसं म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, आणि एका चित्रावरून सगळं सिद्ध झालं असं कुणी म्हणू नये. तरी ‘वाचा बसली’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी काहीतरी नेमकं पाहिलं होतं, हे खरं.

मग बोलतं केलं की झालं? इथे सावध राहायला हवं. ‘बोल, मन मोकळं होईल’ हे आपण सर्रास म्हणतो. 1980 च्या दशकात याच समजुतीवर एक पद्धत रूढ झाली: अपघात किंवा हल्ला झाल्यावर लगेच, एकाच बैठकीत, माणसाकडून सगळं वदवून घ्यायचं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली आणि 1997 मध्ये निष्कर्ष छापून आले. 13 महिन्यांनंतर, ज्यांना असं बोलतं केलं होतं त्यांच्यातल्या 26 टक्क्यांना आघातानंतरचा ताणविकार होता. ज्यांना त्यांच्या त्यांच्या वाटेने जाऊ दिलं, त्यांच्यात 9 टक्क्यांना. ओल्या जखमेवरची खपली ओढून काढण्यासारखंच ते झालं.

जे लागू पडतं ते संथ आहे. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी घडवलेल्या उपचारात रुग्ण डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो: ‘मी दारात उभा आहे, धूर येतोय...’ सांगून संपलं की पुन्हा पहिल्यापासून. दीड-दीड तासाच्या बैठका काही आठवडे चालतात, आणि आपल्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण घरी जाऊन ऐकायचं असतं. हे सोपं नाही. बरेच जण मध्येच सोडून जातात. पण जे टिकतात त्यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत मेंदू हळूहळू नवा धडा शिकतो: आठवण आली तरी आता जीव जात नाही. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते. या गोष्टीला हळूहळू सुरुवात, मध्य आणि शेवट येतो. शेवट आला की ती भूतकाळात जाते.

ऐकणारा कोण आहे, यालाही तितकंच वजन आहे. 2000 साली 77 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा हा विकार कुणाला जडतो हे सांगणाऱ्या सर्वांत ठळक घटकांत प्रसंगानंतर माणसांचा आधार न मिळणं हा एक निघाला. डिसेंबर 1970 मध्ये न्यूयॉर्कमध्ये काही माजी सैनिकांनी आपणहून गट जमवले आणि रॉबर्ट लिफ्टन व हाइम शाटान या मनोविकारतज्ज्ञांना बोलावून घेतलं. अट एकच, इथे डॉक्टर म्हणून वर बसायचं नाही. पाठोपाठ, 1971 च्या जानेवारीअखेरीस, शंभरावर सैनिकांनी डेट्रॉइटमध्ये तीन दिवस जाहीर साक्ष दिली: आम्ही काय पाहिलं, आम्ही काय केलं. पडद्याआडचं बोलणं आणि चव्हाट्यावरचं बोलणं यांची तिथे सरमिसळ झाली. काहींना ते अवैज्ञानिक वाटलं. मला वाटतं, त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. त्या गटांतून जे टिपलं गेलं ते लिफ्टन, शाटान आणि हेली यांनी ‘डीएसएम’ लिहिणाऱ्या समितीपर्यंत पोचवलं, आणि 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पीटीएसडी’, म्हणजेच आघातानंतरचा ताणविकार, दाखल झाला. आज बलात्कार, भूकंप, रेल्वे अपघात यांतून वाचलेल्यांना जे निदान मिळतं, ते आधी सैनिकांनी बोलून मिळवलेलं आहे.

एक गोष्ट मात्र भीतीच्या चौकटीत बसत नाही. फटाक्याला न दचकणारा, पण आपण केलेल्या किंवा थांबवू न शकलेल्या कृत्याने आतून कुरतडला जाणारा सैनिक. त्याला ‘तू सुरक्षित आहेस’ सांगून काय उपयोग? या ‘नैतिक जखमे’वरचं संशोधन गेल्या दोन-तीन दशकांतलं आहे. पण हेलीने 1974 मध्येच, अत्याचाराची कबुली देणाऱ्या रुग्णांवर लिहिलेल्या निबंधात, तिचं मर्म पकडलं होतं. तशा प्रसंगी, तशा मोकळिकीत, आपल्या हातूनही हे घडलं असतं हे उपचार करणाऱ्याने आधी स्वतःशी कबूल करावं, असं ती लिहिते. ते जमलं नाही तर समोरच्याला ते लगेच कळतं, आणि तो गप्प होतो.

माय लायला वाचा फोडणारा सैनिक रॉन रायडनअवर त्या दिवशी गावात नव्हताच. व्हिएतनाममध्ये असताना एका मित्राने त्याला ते सांगितलं, मग त्याने एकेकाला गाठून विचारलं, प्रत्येकाचं ऐकून घेतलं. घरी आल्यावर, सोडून दे, असं सांगणारे बरेच भेटले. 29 मार्च 1969 रोजी ॲरिझोनातून त्याने ती सगळी हकीकत सविस्तर पत्रात लिहिली आणि प्रती राष्ट्राध्यक्षांपासून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांपर्यंत तीसएक जणांना धाडल्या. बॉस्टनमध्ये हेलीसमोर तो सैनिक बसला, त्याच्या सहा महिने आधी ही पत्रं टपालात पडली होती.