अजगर मालकाचे माप घेत नाही

पाळलेल्या अजगराने खाणे सोडले, तो रात्री मालकिणीच्या शेजारी सरळ लांब होऊन झोपू लागला आणि डॉक्टरांनी ‘तो तुम्हाला गिळण्यासाठी माप घेतो आहे’ असे सांगितले, ही गोष्ट पुण्यातही वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नाही.

अजगर दबा धरून शिकार करतो. ओठांच्या कडेवरील खाचांनी तो उंदराच्या अंगाची ऊब टिपतो, मान वळवून निश्चल थांबतो, क्षणात झेपावतो आणि वेटोळे आवळतो. सावजाशेजारी रात्रभर पडून राहणे त्याच्या शिकारीत बसतच नाही. त्याचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते, म्हणून तो उबेकडे सरकतो.

उपासाचेही तसेच. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात आणि त्या दिवसांत तो बहुधा भक्ष्याला तोंड लावत नाही. थंडीत किंवा विणीच्या काळात तर बॉल पायथन हा घरोघरी पाळला जाणारा आफ्रिकेतला लहान अजगर कित्येक आठवडे उपाशी राहतो. मात्र श्वासाची घरघर ऐकू आली किंवा तोंडाला फेस दिसला, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये.

कात्रजच्या सर्पोद्यानात दिसणारा भारतीय अजगर घरी पाळणे, मला तो कितीही प्रिय असला तरी, गुन्हाच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, तो येतो. परदेशी बॉल पायथनसाठीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे.