तरुणांसाठीचा एचआयव्ही प्रतिबंध : ‘सकारात्मक’ संदेशांची पार्श्वभूमी

भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचे पहिले संसर्ग आढळले. त्यानंतरच्या जनजागृतीचा भर दीर्घकाळ भीतीवर राहिला. कवटी, हाडांचा सापळा आणि ‘इलाज नाही’ अशी ठळक अक्षरे असलेली भित्तिपत्रके प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर कित्येक वर्षे टिकून होती. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर भाषा काहीशी बदलली. संयम, निष्ठा आणि निरोध ही त्रिसूत्री आली. मात्र संदेशाचा सूर उपदेशाचाच राहिला. २००२ च्या अखेरीस मुंबईत झळकलेल्या, बलबीर पाशा या काल्पनिक पात्राला एड्स होईल का असे विचारणाऱ्या फलकांनी कुतूहल निर्माण केले, परंतु संसर्गाचे मूळ म्हणून वेश्याव्यवसायातील स्त्रीकडे बोट दाखवल्याबद्दल त्या मोहिमेवर टीकाही झाली.

भीतीचा संदेश मागे पडण्याचे खरे कारण वैद्यकीय होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत विषाणूरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ हे विधान दिवसेंदिवस खोटे ठरू लागले. रोगासोबत माणसे जगू लागली, कामावर जाऊ लागली, लग्ने करू लागली. अशा वेळी कवटीच्या चित्राने रोगाला आळा बसण्याऐवजी रुग्णाच्या घरावर बहिष्कार येण्याचीच शक्यता अधिक होती.

दुसरीकडे, दहा जीवनकौशल्यांची (निर्णय घेणे, समस्या सोडवणे, संवाद साधणे, भावना हाताळणे अशा क्षमतांची) कल्पना १९९० च्या दशकातच शिक्षणक्षेत्रात पोहोचली होती. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कोणालाही ती यादी नव्याने सांगण्याची गरज नाही. तिच्या आधारे २००५ मध्ये किशोरावस्था शिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम आखण्यात आला. नववी आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना वर्षभरात सोळा तास शरीरातील बदल, परस्परसंबंध, व्यसने आणि एचआयव्ही यांविषयी शिकवावे, अशी त्याची रचना होती. कागदावर हा कार्यक्रम पुरेसा संयत होता. वाद झाला तो शिक्षकांना दिलेल्या संचातील चित्रांवरून.

२००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात सदस्यांनी पक्षभेद विसरून त्या चित्रांना हरकत घेतली आणि राज्य शासनाने कार्यक्रम थांबवला. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान या राज्यांनीही त्याच सुमारास तसेच केले. हरकतींत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. चार-दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या गणिताच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाने भरलेल्या वर्गासमोर शरीररचनेचे तपशीलवार चित्र उघडून धरावे, ही अपेक्षाच अवास्तव होती, आणि काही राज्यांत शिक्षक संघटनाही विरोधात उतरल्या त्या यामुळेच. तरीही चित्रे काढून टाकणे आणि अख्खा कार्यक्रम गुंडाळणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे, विशेषतः ज्या राज्याची गणना देशातील सर्वाधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत होत होती त्या राज्यात. पुढे एप्रिल २००९ मध्ये संसदेच्या एका समितीनेही शालेय लैंगिक शिक्षणाच्या विरोधात मत नोंदवले आणि विवाहापूर्वी संबंध नकोत हाच संदेश मुलांना द्यावा, असे सुचवले.

आज ज्याला ‘सकारात्मक’ किंवा बलस्थानांवर आधारित, म्हणजे तरुणांच्या क्षमतांवर भर देणारा, संदेश म्हटले जाते, तो भारतातील शाळांत रुजला तो याच कोंडीतून. २०१० च्या आसपास तयार झालेल्या सुधारित साहित्याने वादग्रस्त चित्रे टाळली आणि किशोरवयीनांकडे आटोक्यात ठेवायची समस्या म्हणून न पाहता मोलाचे सामर्थ्य म्हणून पाहावे, शिक्षण भीती घालणारे किंवा कलंक लावणारे नसावे, असे तत्त्व स्पष्टपणे मांडले. हे तत्त्व योग्यच होते आणि ते मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ते सोयीचेही होते, कारण आत्मविश्वास, संवाद आणि निर्णयक्षमता या विषयांवर विधिमंडळात कोणी गदारोळ करत नाही. ‘नाही म्हणायला शिका’ हा भूमिकाभिनय बहुधा गुटखा किंवा सिगारेटच्या आग्रहावर बेतला जातो; शारीरिक संबंधांच्या आग्रहापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. वर्गात ठेवलेल्या प्रश्नपेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात खऱ्या, परंतु त्यांतल्या कोणत्या मोठ्याने वाचायच्या आणि कोणत्या घडी घालून बाजूला ठेवायच्या, हे शिक्षकच ठरवतात.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने गावपातळीवर समवयस्क मार्गदर्शक नेमण्याची पद्धत आणली, तर २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमातील अकरा विषयांत प्रजनन आरोग्य व एचआयव्ही प्रतिबंध हा एक विषय ठरला. महाविद्यालयांत रेड रिबन क्लबची, म्हणजे एचआयव्हीविषयी जागृती करणाऱ्या विद्यार्थी गटांची, पथनाट्ये, रांगोळी स्पर्धा आणि १ डिसेंबरच्या प्रभातफेऱ्या आता नित्याच्या झाल्या आहेत. नियमित औषधोपचाराने रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके कमी झाले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग पसरत नाही, हे संशोधनातून सिद्ध झाल्यामुळे आशेच्या भाषेला शास्त्रीय आधारही मिळाला. माहितीचे चित्र मात्र फारसे हललेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार एचआयव्हीविषयी सर्वंकष माहिती असलेल्या १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे २२ टक्के झाले. पुरुषांचे ३२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

२०१७ चा आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा या संदर्भात पुरेसा वाचला गेलेला नाही. जनजागृतीचे कार्यक्रम पुराव्यांवर आधारित, वयानुरूप आणि कलंक न लावणारे असावेत, हे बंधन त्यात आहे. बाधित कुटुंबाचा कारभार समजून सांभाळू शकणारे बारा ते अठरा वर्षांचे मूल धाकट्या भावंडाचे पालक म्हणून शाळाप्रवेश, बँक खाते आणि औषधोपचार यांसाठी सही करू शकते, अशीही तरतूद त्यात आहे. स्वतःच्या एचआयव्ही तपासणीसाठी मात्र अठरा वर्षांखालील मुलाला प्रचलित नियमांनुसार पालकांची संमती लागते.