अण्णा उत्तर द्यायला वेळ का लावायचे

मागच्या दिवाळीच्या आसपास आमच्या घरात सगळ्यांनी एक गोष्ट मनात पक्की करून टाकली होती, की अण्णा आपल्यावर नाराज आहेत. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकच्या प्रेसमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आई गेल्यावर जेलरोडच्या घरात एकटेच राहायचे, मग आम्ही त्यांना गंगापूर रोडला आमच्याकडे घेऊन आलो. आल्यापासून बोलणं कमी झालं. काही विचारलं की लगेच उत्तर नाही, थोडं थांबून "हं... हो" किंवा नुसतीच मान. "अण्णा, रविवारी ताईकडे जायचं का?" मग मोठी गॅप, मग "बघू". मला वाटायचं त्यांना जेलरोड सोडायचंच नव्हतं. बायकोला वाटायचं तिच्या हातचं त्यांना आवडत नाही. ताई सिडकोत राहते, तिचं म्हणणं तिसरंच, की जुनं घर भाड्याने दिलं त्याचा राग आहे. प्रत्येकाला आपापली खात्री आणि अण्णांना विचारलं मात्र कोणीच नाही.

पुढे जे कळलं त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. माणसं न बोलता एकमेकांना काय सांगतात आणि आपण ते कसं वाचतो, यावर इतकं चांगलं संशोधन झालंय आणि ते आपल्या घराघरात लागू पडतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी त्या गॅपबद्दल. दोन माणसं बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या टान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधल्या साध्या गप्पांचे व्हिडिओ तपासले, जपानी, डॅनिश, कोरियन, इटालियन, लाओ, मेक्सिकोतली त्सेल्ताल अशा जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या भाषा. हो-नाही उत्तराच्या प्रश्नानंतरची गॅप सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. सगळ्यात कमी जपानीत, ७ मिलिसेकंद, आणि सगळ्यात जास्त डॅनिशमध्ये, ४६९. म्हणजे सगळ्यात सावकाश भाषेतसुद्धा अर्धा सेकंद पूर्ण होत नाही.

आता गंमत अशी आहे की एखाद्या वस्तूचं चित्र बघून तिचं नाव तोंडातून बाहेर पडायला माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला ६०० आणि उत्तराला २००, हे गणित बसतच नाही, जोपर्यंत आपण हे मान्य करत नाही की समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपलं उत्तर आत तयार व्हायला लागलेलं असतं. आपण ऐकता ऐकता पुढचं ओळखत असतो. आपल्याकडे तर क्रियापद शेवटी येतं, "मी उद्या भाजी आणायला पंचवटीत" इथपर्यंत ऐकलं तरी जाणार की नाही जाणार हे अजून हवेतच असतं. मराठी त्या दहा भाषांत नव्हती, पण जपानीतही क्रियापद शेवटीच येतं आणि तरी गॅप सगळ्यात कमी तिचीच, म्हणजे शेवटचा शब्द यायची वाट कोणी बघत बसत नाही, आवाजाच्या चढउतारावरून, चेहऱ्यावरून, आधीच्या शब्दांवरून अंदाज बांधलेला असतो.

आणि ही लय एवढी अंगात मुरलेली असते की ती जरा जरी मोडली तरी आपल्याला टोचतं. फेलिशिया रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. फोनवरच्या छोट्या संवादांची रेकॉर्डिंग, एकजण काहीतरी काम सांगतो, दुसरा हो म्हणतो. शब्द तेच, फक्त मधली शांतता कमी-जास्त केलेली. शांतता वाढत गेली तशी ऐकणाऱ्यांनी तो हो कमी मनापासूनचा ठरवला. अमेरिकन इंग्रजी, इटालियन आणि जपानी, तिन्ही भाषांच्या लोकांनी. म्हणजे कुणी "हो" म्हणालं तरी उशिरा म्हणालं की आपल्या कानाला ते "नाही"च्या जवळ ऐकू येतं. आमच्या घरात अण्णांचं जे "बघू" होतं ते आम्ही असंच वाचत होतो.

दुसरी गोष्ट हुंकाराची. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची अट असायची की हुंकार दे, नाहीतर गोष्ट बंद. मला तेव्हा वाटायचं की मी झोपलो का हे बघायला ती असं करते. पण कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलस यांनी केलेला प्रयोग वाचला आणि आजीचं पटलं. त्यांनी काही लोकांना आपल्या आयुष्यातला थोडक्यात वाचलो असा प्रसंग अनोळखी माणसाला सांगायला लावला. काही ऐकणाऱ्यांना मात्र एक वेगळं काम दिलेलं होतं, सांगणाऱ्याच्या तोंडून टी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं, आणि हे सांगणाऱ्याला माहीत नाही. हे ऐकणारे समोर बसलेले होते, बघत होते, पण "अरे बापरे", "मग?", दचकणं, कपाळाला आठी पडणं, हे त्यांच्याकडून जवळजवळ येईनासं झालं. आणि त्यामुळे सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली! विशेषतः शेवट. अडखळायला लागले, तोच मुद्दा परत परत समजावत बसले, हा प्रसंग का भारी होता त्याची सफाई द्यायला लागले. हे २००० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे गोष्ट एकटा सांगणारा सांगत नसतो, ऐकणारा निम्मी सांगत असतो.

ताईचं हेच झालं. ती अण्णांना रोज फोन करायची, ऑफिसमधलं, मुलांचं, शेजारच्यांचं सगळं सांगायची. हळूहळू फोन छोटे झाले. मी विचारलं तर म्हणाली, "अरे त्यांचा हं भलत्याच ठिकाणी येतो, मी सांगतेय मोलकरीण पडली आणि ते म्हणतात अरे वा, मग काय सांगायचं." तिला त्यात दुर्लक्ष दिसलं. तिची चूक नाही, मलाही तेच दिसलं असतं.

इथे थांबून एक सांगतो कारण हे फार पसरलंय. बऱ्याच कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड असते की संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के. मी स्वतः ती बघितलीय आणि वहीत लिहूनही घेतलीय. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून आलेत. त्यात लोकांना एकेकटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. बस्स एवढंच. शब्द आणि सूर एकमेकांच्या विरुद्ध असतील आणि प्रश्न फक्त आवड-नावडीचा असेल तेव्हाची ही गोष्ट, हे मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलंय. नाहीतर तामिळ न येणाऱ्या माणसाला तामिळ बोलणं ९३ टक्के समजलं असतं. मला या स्लाइडचा राग येतो कारण ती आपल्याला शिकवते की शब्द बाजूला ठेवा, माणूस अंगाने खरं बोलतो, फक्त वाचता आलं पाहिजे. आणि वाचता येतं असं प्रत्येकालाच वाटतं. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याच्या ढीगभर प्रयोगांचा हिशोब एकत्र केला, २४ हजारांच्या वर लोक, तर खरं-खोटं बरोबर ओळखायचं प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात.

पण ते अनोळखी लोक झाले, आपल्या माणसाचं तर कळतंच ना? मला सगळ्यात जास्त हलवलं ते इथे. केनेथ सॅवित्स्की, बोआझ केसार, निकोलस एप्ली यांनी २०११ मध्ये लग्न झालेल्या जोडप्यांना पाठीला पाठ करून खुर्च्यांवर बसवलं आणि एकाला दुहेरी अर्थाची साधी वाक्यं बोलायला लावली. आता उकडायला लागलंय, अशा टाइपची. यातून मला एसी लावून हवाय, की मी चिडलोय, की आणखी काही, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. तेच काम अनोळखी माणसाबरोबरही. जोडीदारांनी अनोळखी माणसांपेक्षा काही जास्त ओळखलं नाही. पण बोलणाऱ्यांना खात्री मात्र जोडीदाराबद्दल जास्त होती, की याला किंवा हिला नक्की कळलं असणार. न्यूझीलंडमध्ये १९९७ ला झालेल्या एका अभ्यासात तर लग्नाला जितकी जास्त वर्षं तितकं, बोलता बोलता जोडीदाराच्या मनात काय चाललंय हे ओळखणं कमी झालेलं दिसलं, कारण इतक्या वर्षांनी दोघं आपापल्या विचारात राहतात, समोर बघणं सुटतं.

मला यावर जनावरांचा बाजार आठवतो. पूर्वी मामांबरोबर गेलो की बघायचो, दोन माणसं हातावर रुमाल टाकून खाली बोटं धरून बैलाचा भाव करायची, एक शब्द नाही, चेहऱ्यावर काही नाही, आणि सौदा पक्का. तिथे चूक होत नाही कारण कुठलं बोट म्हणजे किती हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. घरात आपण तसंच वागतो, भांडं जरा जोरात ठेवतो, गप्प बसतो, मान वळवतो, आणि समजतो की रुमालाखालचा हिशोब समोरच्याला माहितीये. पण ती बोटं आपण कधी ठरवलेलीच नसतात.

आमच्याकडचा गुंता सोडवला माझ्या मुलीने, ती सात वर्षांची आहे. एकदा ती अण्णांना शाळेतलं काहीतरी सांगत होती आणि मधेच थांबून म्हणाली, "आजोबा, तुम्ही माझ्या डोळ्यांकडे का नाही बघत, सारखं तोंडाकडेच बघता?" मी स्वयंपाकघरात होतो, तिथे ऐकलं आणि तसाच उभा राहिलो. नाराज माणूस कशाला ओठांकडे बघेल.

ओठांकडे आपण सगळेच बघतो, कळत नाही इतकंच. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी १९७६ मध्ये एक व्हिडिओ केला, चेहरा म्हणतोय "गा" आणि वर आवाज बसवलाय "बा". बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं "दा", जे कुठेच नव्हतं. मेंदू कान आणि डोळे दोन्ही मिळून ऐकतो. कान कमी पडायला लागला की डोळ्यावरचा भार वाढतो, पण ओठांवर सगळं दिसत नाही, प, ब आणि म आरशासमोर म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात.

त्याच आठवड्यात कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओमेट्री झाली, बंद खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. ग्राफची रेघ डावीकडे, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांना, ठीक होती आणि उजवीकडे, उंच पट्टीच्या आवाजांना, घसरत गेलेली. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की कानातल्या शंखासारख्या भागात बारीक केसपेशी असतात, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशी अगदी तोंडाशी असतात आणि उतारवयात बहुधा त्याच आधी जातात, गेलेल्या परत येत नाहीत. आता आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि दणदणीत असतात, स, श, फ, थ हे वरच्या पट्टीत आणि नाजूक. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. कुणीतरी बोललं हे कळतं, सात म्हणालं की साठ हे नाही. लहान मुलांचा आणि बायकांचा आवाज उंच, तो आधी निसटतो. मिक्सर, टीव्ही, चिमणी चालू असली की आणखी कठीण. ओरडून बोललं तर स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच, वर माणसाला वाटतं आपल्यावर खेकसतायत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकापेक्षा जास्त जणांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं.

मग ती गॅप काय होती ते कळलं. २०० मिलिसेकंदांत उत्तर देणारा माणूस वाक्य चालू असतानाच पुढचं ओळखत असतो, अण्णांकडे मात्र अर्धेच तुकडे पोचत होते, ते तुकडे जुळवून, ओठ आठवून, मग ते उत्तर देत होते. आणि नाहीच जुळलं तर "बघू", कारण परत परत "काय?" विचारायची त्यांना लाज वाटायची, असं त्यांनी गाडीत सांगितलं. घरी येताना सांगितलं की जेलरोडला हे एवढं जाणवायचं नाही, तुझी आई समोर बसून बोलायची. तेव्हा मला आठवलं, शेवटच्या दोन-तीन वर्षांत आई मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागली होती, आतल्या खोलीतून हाक मारायची नाही, उठून त्यांच्या समोर यायची आणि मग बोलायची. आम्हाला वाटायचं तिचं वय झालं. तिने ओळखलं होतं की नुसतीच सवय लागत गेली, हे आता विचारता येत नाही.

कानाला मशीन लावलंय आता. पहिले काही आठवडे त्रासाचे गेले, ताटल्यांचा आवाज, पिशवीची कुरकुर, सगळं एकदम अंगावर यायचं, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो हे आधी सांगितलेलं होतं म्हणून टिकलो. बाकी बदल साधेच. स्वयंपाकघरातून बोलायचं नाही, समोर जायचं. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, नाहीतर चेहरा अंधारात जातो. टीव्ही बंद. एखादं वाक्य नाही लागलं तर तेच वाक्य जोरात म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि बायकोने एक दिवस सरळ विचारून टाकलं, "अण्णा, माझ्या हातचं तुम्हाला आवडतं ना?" ते म्हणाले, "अगं आमटीत गूळ जरा कमी घाल, बाकी उत्तम."

मागच्या रविवारी सगळे ताईकडे गेलो होतो. ताई तिच्या ऑफिसातला एक लांबलचक किस्सा सांगत होती, अण्णा हं, हं, मग? करत होते, आणि मधेच त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, "थांब, हे मला नाही लागलं, परत सांग." ताईने खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली आणि पहिल्यापासून सुरू केलं.