रेडच्या हिशेबातला तो एक तास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं छोटं इंजिनिअरिंग ऑफिस असो, नौपाड्यातली सीएची कचेरी असो की महापेतली पंचवीस-तीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, नवा सर्व्हर घ्यायचा ठरला की कोटेशनमध्ये एक ओळ हमखास दिसते: चार डिस्क, रेड ५. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून एका मोठ्या डिस्कसारख्या वापरण्याची पद्धत, आणि ५ ही तिची एक पातळी. रेड ५ च का, असं विचारलं तर सांगतात की एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही आणि जागाही फार वाया जात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हे उत्तर ज्या काळात घडलं, त्या काळातल्या डिस्क आणि आजच्या डिस्क यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सर्व्हरवर पैसे घालण्याआधी ते अंतर समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

१९८० च्या दशकात बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचा डेटा कपाटाएवढ्या डिस्कवर असे. आयबीएमच्या ३३८० या मालिकेत १४ इंची तबकड्या होत्या आणि तिच्या मोठ्या मॉडेलमध्ये ७.५ जीबी मावत. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात येत होत्या. कॉनर पेरिफेरल्सची साडेतीन इंची सीपी ३१०० त्यातलीच एक. क्षमता १०० एमबी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी विचारलं की एका महागड्या डिस्कऐवजी अशा शंभर छोट्या डिस्क जोडून का वापरू नयेत? रेडचा विचार मांडणारा त्यांचा शोधनिबंध जून १९८८ मध्ये शिकागोच्या डेटाबेस परिषदेत सादर झाला.

अडचण त्यांनीच आधी मांडली. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कांच्या जथ्यात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी तरी बिघडणार. म्हणून जादा माहिती साठवणं भाग होतं. डिस्कचा जुळा ठेवण्याची पद्धत टँडम कंपनीच्या यंत्रांत आधीपासून होती. पॅरिटीतून, म्हणजे डेटावरून काढून ठेवलेल्या बेरजेसारख्या जादा माहितीतून, हरवलेला भाग परत मिळवण्याच्या कल्पनेचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं. बर्कलीच्या तिघांनी या विखुरलेल्या कल्पना १ ते ५ अशा पातळ्यांत बसवल्या आणि प्रत्येकीची किंमत, वेग, भरवसा यांचा हिशेब मांडला. रेड ० त्या निबंधात नव्हतंच. त्यात जादा माहिती काहीच नसते, एक डिस्क गेली की सगळंच जातं.

पॅरिटीचं तत्त्व साधं आहे. वहीतल्या चार आकड्यांपैकी एक पुसला गेला आणि बेरीज शाबूत असली, तर पुसलेला आकडा वजाबाकीनं काढता येतो. संगणक बेरजेऐवजी बिट पातळीवरची एक्सॉर ही क्रिया वापरतो. पातळी ४ मध्ये ही ‘बेरीज’ एकाच डिस्कवर असते, त्यामुळे प्रत्येक लिखाणाला त्याच डिस्कपुढे रांग लागते. पातळी ५ मध्ये ती सगळ्या डिस्कांवर वाटलेली असते. तरीही छोट्या लिखाणाची किंमत चुकत नाही: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका लिखाणासाठी डिस्कचे चार फेरे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा एक्स-रेच्या मोठ्या फायली सलग लिहिल्या जातात, तिथे हे फारसं जाणवत नाही. पण दिवसभर बारीकसारीक नोंदी होणाऱ्या हिशेबाच्या डेटाबेसला जाणवतं. अशा कामाला जुळ्या डिस्कांचं रेड १० बरं पडतं, मग निम्मी जागा गेली तरी चालेल.

आता त्या निबंधातल्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या आकड्याकडे येतो. डेटा कायमचा जाण्याची शक्यता त्यांच्या सूत्रात प्रामुख्यानं दोन वेळांवर ठरते: डिस्क सरासरी किती दिवस टिकते आणि बिघडलेली डिस्क बदलून तिच्यावरचा डेटा पुन्हा उभा राहीपर्यंत किती वेळ जातो. या मधल्या काळात दुसरी डिस्क गेली की रेड ५ संपलं. उदाहरणाच्या हिशेबात त्यांनी हा मधला काळ एक तास धरला होता. त्या दिवसांत ते वाजवीच होतं, कारण १०० एमबीची डिस्क सेकंदाला सुमारे १ एमबी वेगानं दोन मिनिटांच्या आत पूर्ण वाचून होई.

पुढच्या तीन दशकांत क्षमता आणि वेग एका चालीनं वाढले नाहीत. आजची १६ टीबीची डिस्क त्या डिस्कच्या १,६०,००० पट मोठी आहे, पण सलग वाचनाचा वेग वाढला तो साधारण दोनशे पट. सरासरी २०० एमबी वेग धरला तर ती फक्त एकदा पूर्ण वाचायला ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तास लागतात. तेही सर्व्हरवर दुसरं कुणी काम करत नसेल तर. ऑफिस चालू असताना रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करण्याचं काम, दोन-तीन दिवसही रेंगाळतो. त्यात शनिवारी रात्री डिस्क गेली, सोमवारी लक्षात आली आणि मंगळवारी लॅमिंग्टन रोडवरून नवी आली, असं झालं तर एका तासाचा मधला काळ आठवड्याच्या जवळ जातो.

त्या सूत्रात आणखी एक गृहीतक होतं: डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. ते किती टिकतं, हे पुढे खुद्द गार्थ गिब्सन यांनीच बियांका श्रोडर यांच्याबरोबर तपासलं. २००७ मधल्या या अभ्यासात सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी होत्या. कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलणं नेहमीचं होतं, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत. शिवाय बिघाड एकापाठोपाठ एक येताना दिसले. आपल्याकडच्या ऑफिसांत हे सहज पटावं. चारही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवशी बसवलेल्या आणि मे महिन्यात रात्री एसी बंद झाला की एकाच उकाड्यात तापणाऱ्या.

न वाचता येणाऱ्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांचाही प्रश्न आहे. अनेक साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १०^१४ बिट वाचनांमागे एक त्रुटी अशी मर्यादा लिहिलेली असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. चार ८ टीबी डिस्कांच्या रेड ५ मध्ये एक गेली, तर उरलेल्या तिन्हींवरचे २४ टीबी पूर्ण वाचावे लागतात. प्रत्यक्षातल्या डिस्क या मर्यादेपेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, त्यामुळे ‘रेड ५ चा रिबिल्ड होतच नाही’ ही ओरड मला पटत नाही. पण त्या घडीला हाताशी जादा पॅरिटी उरलेली नसते, हे मात्र खरं. म्हणूनच रेड ६ आलं. त्यात दुसरी पॅरिटी असते आणि तिचं गणित बहुधा त्रुटी दुरुस्त करणाऱ्या रीड-सॉलोमन संकेतावर चालतं. तो संकेत १९६० मधला, म्हणजे रेडपेक्षाही जुना.

विजेचा मुद्दा ठाणे-नवी मुंबईत विसरून चालणार नाही. डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोन्ही जुळत नाहीत आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे डिस्क बिघडते तेव्हा चुकीच्या पॅरिटीतून चुकीचा डेटा बाहेर येतो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकदम गेली. अशा क्षणासाठीच रेड सांभाळणाऱ्या कार्डावर, लिहायचं राहिलेलं जपणारी बॅटरी असते आणि ती वेळेवर बदलावी लागते. सन कंपनीच्या झेडएफएस या फाइल सिस्टीमनं २००५ पासून वेगळी वाट धरली: जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी पूर्ण लिहायचं आणि मगच नोंद पालटायची. या सोयीसाठी मी आज कार्डापेक्षा सॉफ्टवेअर रेडकडे झुकतो. दुसरं कारण असं की कार्ड जळालं तर बहुतेकदा त्याच घराण्यातलं कार्ड शोधावं लागतं. लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड साधनानं किंवा झेडएफएसनं बांधलेल्या डिस्क दुसऱ्या लिनक्स यंत्रात लावूनही उघडतात.

आणि बॅकअप वेगळा हवाच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि ठाणे जिल्ह्यातही घरांत, दुकानांत पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या पेटीत डिस्क चार असोत की आठ, पाणी सगळ्यांत एकदमच शिरतं.

महापे, रबाळे, ऐरोलीच्या मोठ्या डेटा सेंटरांत आता डेटाचे तुकडे अनेक रॅकवर पसरून ठेवण्याच्या पद्धती वापरल्या जातात, म्हणजे एक डिस्क गेली तर तिची भरपाई शेकडो डिस्क मिळून करतात आणि मधला काळ पुन्हा आखूड होतो. झेडएफएसच्या ओपनझेडएफएस या मुक्त आवृत्तीनं २०२१ मध्ये डीरेड या नावानं हाच विचार एका सर्व्हरपुरता आणला, पण त्याचा फायदा वीस-तीस डिस्क असतील तेव्हा दिसतो. चार-सहा डिस्कांच्या ऑफिस सर्व्हरला अजून तरी रेड १० किंवा रेड ६, बिघाड होताच ईमेल येईल अशी सोय आणि आधीच घेऊन ठेवलेली एक कोरी डिस्क, एवढ्यावरच तो काळ आवरता येतो.