पंधरा जहाजं आणि जगभरातल्या गाड्या: खरं काय?

निपाणी-बेळगाव भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतोच: ‘जगातली १५ मोठी जहाजं सगळ्या मोटारींपेक्षा जास्त प्रदूषण करतात, मग आमच्या टेम्पोला पीयूसी कशाला?’ बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहा पिताना हा मुद्दा छातीठोकपणे सांगणारे कमी नाहीत.

मूळ दावा २००९ च्या सुमाराचा, आणि तो फक्त गंधकाच्या ऑक्साइडांबद्दल होता. मेसेज फिरता फिरता ‘गंधक’ गळलं, ‘प्रदूषण’ तेवढं उरलं. तेव्हा जहाजांच्या इंधनात ४.५ टक्क्यांपर्यंत गंधक चालायचं. रिफायनरीत शेवटी उरणारं हे जड तेल थंडीतल्या काकवीसारखं घट्ट. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात फवारताच येत नाही. मोटारींच्या इंधनातलं गंधक मात्र बहुतांश आधीच काढलेलं. तुलना भयंकर दिसणारच!

१ जानेवारी २०२० पासून जहाजांसाठी मर्यादा ०.५ टक्के आहे. (स्क्रबर, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र, बसवला तर जुनं तेल चालतं, ही पळवाट आहेच.) गंधकाच्या बाबतीत आपलं बीएस-६ डिझेल तरीही या नव्या मर्यादेपेक्षा ५०० पट स्वच्छ, हेही खरं.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब वेगळा. माणसामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात जगभरातल्या सगळ्या जहाजांचा वाटा मिळून साधारण ३ टक्के. रस्त्यावरची वाहनं कितीतरी पुढे. जहाजांच्या इंधनाला मिथेनॉल, अमोनिया हे पर्याय शोधले जाताहेत ते हे ३ टक्के कमी करण्यासाठी.

आणि पीयूसीत डिझेल टेम्पोच्या धुराचा दाटपणा तपासतात. गंधकाचा तिथे संबंधच नाही.